एका कवितेच्या शोधातून: कॉलेजची डिजिटल लायब्ररी कशी उभी राहते

मी मुंबईतल्या एका जुन्या कॉलेजच्या लायब्ररीत काम करते. पावसाळ्यात एक मुलगी काउंटरवर आली, एस.वाय.ची, रोज विरारहून येते. म्हणाली, मॅडम, माझी आजी याच कॉलेजात होती, १९८१-८२ च्या वार्षिकांकात तिची कविता छापून आली होती, ती मिळेल का? आजीकडे अंक होता पण घर बदलताना कुठे गेला कुणालाच माहीत नाही.

तीन दिवस लागले. वार्षिकांकांचं कपाट तळमजल्यावर आहे, अंक सालवार लावलेत पण मधली काही सालं गायब, त्या वर्षाच्या दोन प्रती निघाल्या, एकीला कसर लागून पानं जाळीदार झालेली, दुसरी बरी. आणि अनुक्रमणिकेत नाव काही सापडेना, कारण मी आजीचं सासरचं आडनाव शोधत होते आणि छापलेलं होतं माहेरचं, पुढे ‘कु.’ लावून. शेवटी पान सापडलं, आठ ओळींची कविता, मुलीने मोबाइलवर फोटो काढला आणि तिथेच उभ्या उभ्या आजीला पाठवला.

‘डिजिटल लायब्ररी’ हा शब्द आता प्रत्येक कॉलेजच्या माहितीपत्रकात असतो, पण ती म्हणजे नेमकं काय आणि ती उभी करायला काय काय लागतं हे विचारलं की बहुतेक जण म्हणतात, स्कॅन करून वेबसाइटवर टाकायचं. स्कॅन तर करायचंच आहे, पण ते सगळ्यात सोपं काम आहे. ही आठ ओळींची कविता विरार लोकलमध्ये बसल्या बसल्या दोन मिनिटांत सापडायला हवी असेल तर त्याआधी काय काय व्हावं लागतं, ते सांगते.

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. डिजिटल लायब्ररी म्हणताना लोक तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. पहिली म्हणजे लायब्ररीचं संगणकीकरण, म्हणजे पुस्तक कुठल्या कपाटात आहे, कुणाच्या नावावर गेलंय, कधी परत येणार, हे कॉम्प्युटरवर दिसणं. त्यासाठी कोहा नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, यूजीसीच्या इन्फ्लिबनेट या केंद्राचं सोल आहे. दुसरी गोष्ट म्हणजे वर्गणी भरून मिळणारी जर्नल्स आणि ई-बुक्स. इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्ट योजनेतून बऱ्याच कॉलेजांना ती मिळतात, आणि २०२५ पासून केंद्र सरकारने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू केलंय, तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशकांची साधारण तेरा हजार जर्नल्स, केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी. चांगलीच गोष्ट आहे, पण तो माल दुसऱ्याचा, वर्गणी आहे तोवर दार उघडं.

तिसरी गोष्ट म्हणजे रिपॉझिटरी. कॉलेजने स्वतः निर्माण केलेलं, दुसऱ्या कुणाकडे नसलेलं साहित्य नीट नोंदवून, जपून, जगाला सापडेल असं ठेवणं. मला बोलायचंय ते याबद्दल. कारण परदेशी जर्नल आमच्याकडे नसलं तर आणखी हजार ठिकाणी असतं, आमचा १९८१-८२ चा वार्षिकांक आमच्याकडे नसला तर कुठेच नसतो.

आणि असं साहित्य किती असतं याचा अंदाज कपाटं उघडल्याशिवाय येत नाही. वार्षिकांक, हस्तलिखित अंक, एम.ए. एम.एस्सी.चे प्रबंध, प्राध्यापकांचे लेख, जुन्या प्रश्नपत्रिका, एनएसएसच्या शिबिरांचे अहवाल, गॅदरिंगचे फोटो, आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांसाठी मुलांनी लिहिलेल्या संहिता! मुंबईच्या रंगभूमीवरची किती माणसं या स्पर्धांतून वर आली, आणि त्यांच्या पहिल्यावहिल्या संहितांच्या झेरॉक्स कुठल्यातरी खोक्यात पडल्यात, शाई उडत चाललीये. पीएच.डी.च्या प्रबंधांचं बरं आहे, यूजीसीच्या २००९ च्या नियमावलीने प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक केलं आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची शोधगंगा उभी राहिली, तिथे आज देशभरातले लाखो प्रबंध कुणालाही वाचता येतात. बाकीच्या सगळ्याला असा कुणी वाली नाही, ज्या त्या कॉलेजनेच ते करायचं.

तर आता कवितेकडे. पहिलं काम स्कॅनिंग. मुंबईच्या दमट हवेत जुना कागद मऊ पडतो, स्टेपलच्या पिना गंजून पान तिथेच फाटतं, म्हणून अंक आधी कोरडा करून, ब्रशने धूळ काढून, पिना सोडवून मगच स्कॅनरखाली. जाड बाइंडिंग असेल तर ते कापून पानं सुटी करायचा मोह होतो कारण काम भराभर होतं, तसं करू नये, वरून फोटो घेणारा स्कॅनर मिळवावा. छापील मजकुराला ३०० डीपीआय, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके, पुरतं, अगदी बारीक टाइप किंवा फिकट झेरॉक्स असेल तर ४०० किंवा ६००. ३०० डीपीआयला ए-फोर आकाराचं एक रंगीत पान कॉम्प्रेस न करता ठेवलं तर साधारण २६ एमबी होतं, म्हणजे दोनशे पानी अंक पाच जीबीच्या वर, आणि पन्नास वर्षांचे अंक साधारण अडीचशे जीबी. ऐकायला खूप वाटतं पण हे सगळं एका साध्या एक टीबीच्या हार्ड डिस्कवर मावतं. ही मोठी फाइल टिफ प्रकारात, मूळ प्रत म्हणून, हात न लावता ठेवायची, आणि वाचकांसाठी त्यातून छोटी पीडीएफ काढायची. बऱ्याच ठिकाणी थेट छोटी पीडीएफच करतात, मग दहा वर्षांनी चांगली प्रत हवी झाली की पुन्हा सगळं स्कॅन, आणि तोवर कागद राहिलेला नसतो.

स्कॅन झालं म्हणजे आपल्याकडे पानाचा फोटो आला. माणसाला त्यात कविता दिसते, कॉम्प्युटरला फक्त काळे-पांढरे ठिपके. त्या ठिपक्यांमधून अक्षरं ओळखायच्या कामाला ओसीआर म्हणतात. टेसरॅक्ट नावाचं सॉफ्टवेअर आहे, एचपी कंपनीत १९८० च्या दशकात सुरू झालेलं, २००५ ला सगळ्यांसाठी खुलं झालेलं, ते मराठीही वाचतं. स्वच्छ छपाई असेल तर छान वाचतं, पण जुन्या खिळ्यांच्या छपाईत अर्धा टाइप झिजलेला, शिरोरेघ मधेच तुटलेली, जोडाक्षरं एकमेकांना चिकटलेली, मग ‘घ’चा ‘ध’ होतो, ‘भ’चा ‘म’ होतो. म्हणून ओसीआर केल्यावर कुणीतरी मराठी नीट येणाऱ्या माणसाने वाचून दुरुस्त करणं आलंच. सगळा अंक शक्य नसेल तर निदान शीर्षकं आणि नावं तरी तपासावीत, कारण लोक शोधतात ते नावानेच.

आणि इथे मराठीची स्वतःची एक अडचण आहे जी इंग्रजीतून शिकवल्या जाणाऱ्या ट्रेनिंगमध्ये कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. १९९० नंतरचे प्रबंध कॉम्प्युटरवरच टाइप झालेत, त्यामुळे वाटतं की फाइल तयारच आहे, स्कॅनची गरज नाही. पण तेव्हाचे मराठी फॉन्ट युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेलं कोड देणाऱ्या पद्धतीत, नव्हते. स्क्रीनवर ‘क’ दिसायचा पण आत साठवलेलं असायचं इंग्रजी अक्षराचं किंवा चिन्हाचं कोड, फॉन्ट फक्त त्याला ‘क’चा वेष घालायचा. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की नुसता कचरा दिसतो. पीडीएफ असेल तर दिसतं बरोबर पण शोधलं तर काहीच सापडत नाही. अशा फाइली कन्व्हर्टर लावून युनिकोडमध्ये आणाव्या लागतात आणि रफार, पहिली वेलांटी, जोडाक्षरं इथे घोळ होतो तो हाताने निस्तरावा लागतो.

युनिकोड आलं म्हणजे सगळं सुटलं असंही नाही. ‘ॲ’ हे अक्षर घ्या. ते स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये आलं २००८ मध्ये, त्याआधी लोक ‘अ’ टाइप करून त्यावर चंद्र द्यायचे, अजूनही बरेच कीबोर्ड तसंच करतात. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. म्हणजे एकाने ‘ॲल्युमिनियम’ एका पद्धतीने नोंदवलं आणि विद्यार्थ्याने दुसऱ्या पद्धतीने शोधलं तर उत्तर येतं, काही सापडलं नाही. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘दऱ्या’ यांतला अर्धा ‘र’सुद्धा दोन प्रकारे टाइप होतो. इलाज अवघड नाही, कुठला प्रकार वापरायचा हे एकदा ठरवायचं, नोंदी करणाऱ्या सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर एकच कीबोर्ड ठेवायचा आणि आधीच्या नोंदींत शोधून-बदलून सगळं एकसारखं करायचं. मात्र हे पहिल्या शंभर नोंदींच्या आत करावं, दहा हजार झाल्यावर जीव नकोसा होतो.

आता मेटाडेटा. शब्द भारी आहे, अर्थ साधा, वस्तूबद्दलची माहिती. जुन्या लायब्ररीत लाकडी ड्रॉवरमध्ये कॅटलॉगची कार्डं असायची, लेखक, शीर्षक, प्रकाशक, साल, विषय, तेच इथे फॉर्ममध्ये भरायचं. यासाठी जगभर चालणारी एक पद्धत आहे, डब्लिन कोअर. हे डब्लिन आयर्लंडमधलं नव्हे, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं, तिथे १९९५ मध्ये बैठक होऊन सुरुवात झाली, मूळ पद्धतीत पंधरा रकाने आहेत. सगळे एकाच पद्धतीने भरतात म्हणून एका रिपॉझिटरीतली नोंद दुसऱ्या यंत्रणेला वाचता येते.

माझ्या मते रिपॉझिटरी चांगली की वाईट हे इथेच ठरतं. अख्खा वार्षिकांक एकच पीडीएफ म्हणून चढवला आणि शीर्षकात ‘वार्षिकांक १९८१-८२’ लिहिलं की फॉर्म भरला, आकडा वाढला, पण आजीची कविता होती तिथेच, कपाटातून निघून दुसऱ्या कपाटात गेली एवढंच. निदान अनुक्रमणिका तरी टाइप करून घालावी, आणि जमेल तसं प्रत्येक लेख, कविता, कथा यांची स्वतंत्र नोंद करावी. आणि नावं! आपल्याकडे बायकांची नावं लग्नानंतर बदलतात, कवी टोपणनावाने लिहितात, प्राध्यापक कधी पूर्ण नाव देतात कधी आद्याक्षरं, इंग्रजीत तर एकाच आडनावाची चार स्पेलिंगं. म्हणून एक मुख्य नाव ठरवून बाकीची सगळी रूपं त्याला जोडायची. आजीच्या नोंदीत आम्ही छापील नाव मुख्य ठेवलं आणि तिला विचारून सासरचं नाव पर्यायी म्हणून दिलं, आता दोन्हींनी सापडते. अशी एक नोंद नीट करायला मला दहा-पंधरा मिनिटं लागतात, म्हणजे दिवसभर दुसरं काही नसेल तर तीसेक होतात, आणि दुसरं काही नाही असा दिवस लायब्ररीत येत नाही.

सॉफ्टवेअरबद्दल कमी लिहिते कारण त्यात काळजी करण्यासारखं कमी आहे. सगळ्यात जास्त चालतं ते डीस्पेस, एमआयटी विद्यापीठाची लायब्ररी आणि एचपी यांनी मिळून २००२ मध्ये आणलं, फुकट आहे, शोधगंगाही त्यावरच चालते. इंग्लंडच्या साउदॅम्प्टन विद्यापीठाचं ईप्रिंट्स आहे, त्यावर बंगळुरूच्या आयआयएस्सीने २००२ मध्येच रिपॉझिटरी सुरू केली होती. डीस्पेसची रचना चाळीसारखी समजा. कम्युनिटी म्हणजे चाळ, उदाहरणार्थ मराठी विभाग, कलेक्शन म्हणजे त्यातला मजला, उदाहरणार्थ प्रबंध, आयटम म्हणजे खोली, एक प्रबंध, आणि खोलीतलं सामान म्हणजे प्रत्यक्ष फाइली. फुकट असलं तरी त्याला सर्व्हर लागतो आणि सर्व्हर सांभाळणारा माणूस लागतो, तो खर्च प्राचार्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकावा.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच करून घ्यावी, कायमचा पत्ता. वेबसाइट बदलते, डोमेन बदलतं आणि जुन्या लिंका मरतात, कुणी प्रबंधाच्या संदर्भात दिलेली आपली लिंक पाच वर्षांनी उघडत नाही. त्यासाठी हँडल नावाची व्यवस्था आहे. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक मिळतो, शोधगंगेच्या सगळ्या प्रबंधांचा तो १०६०३ ने सुरू होतो, आणि फाइल कुठेही हलवली तरी त्या क्रमांकापुढचा पत्ता बदलून द्यायचा, लोकांकडची लिंक तीच राहते. घर बदललं तरी नेहमीच्या पोस्टमनला आपण कुठे राहायला गेलो ते माहीत असावं तसं. दुसरी गोष्ट म्हणजे ओएआय-पीएमएच, नाव आडमुठं आहे पण काम सोपं, दुसऱ्या यंत्रणेने येऊन आपल्या नोंदी उचलून न्यायची ठरलेली पद्धत. आयआयटी खरगपूरने उभारलेली राष्ट्रीय डिजिटल लायब्ररी, जी २०१८ मध्ये देशाला अर्पण झाली, ती अशाच ठिकठिकाणच्या नोंदी एकत्र करून दाखवते. म्हणजे आपण नीट नोंदवलं की आपली वेबसाइट माहीत नसलेल्या माणसालाही ते सापडतं.

कॉपीराइटला लोक एकतर फार घाबरतात नाहीतर अजिबात विचार करत नाहीत. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, आणि ती साठ वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजायची. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून सगळ्यांना खुलं झालं. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, त्यांच्यासाठी २०२९ संपेपर्यंत थांबावं लागेल. जुनं पुस्तक दिसलं, पानं पिवळी आहेत, म्हणजे चढवा, असं चालत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने विनानफा सार्वजनिक लायब्ररीला स्वतःकडच्या छापील पुस्तकाची डिजिटल प्रत जतनासाठी ठेवायची मुभा दिलीये, पण जतन करणं वेगळं आणि इंटरनेटवर सगळ्यांना देणं वेगळं. आणि वार्षिकांक कॉलेजने छापला म्हणून त्यातली कविता कॉलेजची होत नाही, विद्यार्थी काही कॉलेजचे नोकर नसतात, हक्क लिहिणाऱ्याचाच. म्हणून आम्ही आता दरवर्षी अंकासाठी लेखन घेतानाच एका पानाचं संमतीपत्र भरून घेतो, आणि जुन्यांपैकी ज्यांचा पत्ता लागतो त्यांना विचारतो. परवानगी नसेल तर नोंद सगळ्यांना दिसते, फाइल मात्र बंद, हवी असेल त्याने लायब्ररीत येऊन वाचायची. ही सोय डीस्पेसमध्ये आहेच, ती वापरायला संकोच करू नये.

आणि जपणं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तळमजल्यावर काय काय ठेवलं होतं ते मुंबईतल्या माणसाला सांगायला नको. डिजिटल प्रत भिजत नाही पण ती तळमजल्यावरच्या एकाच सर्व्हरमध्ये असली तर कागदाइतकीच कच्ची. तीन प्रती ठेवाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक शहराच्या दुसऱ्या टोकाला किंवा मुंबईबाहेर. शिवाय फाइल हळूच खराब होते ते उघडेपर्यंत कळत नाही, म्हणून चेकसम काढून ठेवतात, फाइलचा अंगठ्याचा ठसाच म्हणा, एक बिट बदललं तरी ठसा जुळत नाही. डीस्पेस हे स्वतःहून तपासू शकतं, फक्त ती तपासणी चालू केलेली असावी लागते. माझ्या माहितीतल्या एका कॉलेजने बाहेरच्या एजन्सीकडून सगळं करून घेतलं, कॉलेजची तपासणी करणारी कमिटी येऊन पाहून गेली, मग पैसे भरायचे राहिले, एजन्सी गेली, पासवर्ड कुणाकडेच नाही, आणि दोन हजार वस्तूंची रिपॉझिटरी एके दिवशी उघडेनाशी झाली. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी मला हे फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज लागत नव्हता. मूळ फाइलींची एक प्रत आणि सगळे पासवर्ड कॉलेजच्या ताब्यात असलेच पाहिजेत, करारातच लिहून घ्या.

सुरुवात कुठून करायची असं बरेच जण विचारतात. मी म्हणते प्रश्नपत्रिकांपासून करा, कारण परीक्षेच्या आधी अख्खं कॉलेज तिथे येतं आणि रिपॉझिटरी कशाला हवी हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. मग लगेच वार्षिकांक घ्या, कारण ते वाट बघणार नाहीत. कमवा आणि शिका योजनेतली दोन मुलं दिवसाला दोन तास मिळाली तरी वर्षात बरंच होतं, फक्त त्यांच्या नोंदी कुणीतरी रोज तपासायला हव्यात. आणि नमुना बघायचा असेल तर एशियाटिक सोसायटीची ग्रंथसंजीवनी ही डिजिटल लायब्ररी बघा, आपल्या मुंबईतलीच, टाउन हॉलमधली जुनी पुस्तकं आणि नकाशे घरबसल्या उघडतात.

आजीला ते पान पाठवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलगी परत आली. आजी खूश होती पण तिची एक तक्रार होती, चाळीस वर्षांपूर्वीची. तिसऱ्या ओळीत तिने ‘मोहर’ लिहिलं होतं आणि छापताना ‘मोहोळ’ झालं, आंब्याला मोहोळ! ते नीट करून टाका म्हणाली, आता कॉम्प्युटरवर आहे तर. मी तिला फोन करून समजावलं की पानाला आम्ही हात लावत नाही, छापलं तसंच राहणार, पण नोंदीत लिहितो. आणि मग टिपणाच्या रकान्यात टाइप केलं: तिसऱ्या ओळीत ‘मोहर’ असे वाचावे, कवयित्रीने कळवलेली दुरुस्ती, खाली तारीख. आता ‘मोहर’ शोधलं तरी ते पान येतं.